चढ संपला म्हणून बटण बंद करू नका

डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने पश्चिमेला निघालं की तासाभरात रॉकी पर्वताचा मोठा चढ लागतो. तो चढ आयझेनहॉवर बोगद्यापाशी संपतो. बोगद्याची उंची समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांच्या वर, म्हणजे जवळजवळ ३,४०० मीटर. पलीकडच्या तोंडातून बाहेर पडलं की आठेक मैलांचा सलग उतार थेट सिल्व्हरथॉर्न गावात आणून सोडतो. गेल्या उन्हाळ्यात त्या गावात, एका पेट्रोल पंपाशेजारच्या मोकळ्या जागेत, मी मित्राची वाट बघत उभा होतो. तो डॅलसचा. बायकामुलांना घेऊन, पिकअपच्या मागे कॅम्पर ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून पहिल्यांदाच डोंगरात येत होता. दोन्ही कुटुंबांनी मिळून चार दिवस तळ्याकाठी मुक्काम करायचा बेत होता.

गाडी वळून आत आली आणि माणसं उतरायच्या आधी वास आला. घाटातून खाली आलेल्या लोडच्या ट्रकला येतो तो, ब्रेक लायनर जळाल्याचा. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर वीतभर अंतरावरूनच धग लागत होती. मित्र खाली उतरला तो जरा गप्पच होता. म्हणाला, "शेवटच्या दोन मैलांत पेडल मऊ लागायला लागलं रे. नेहमीपेक्षा खाली जात होतं."

"टो मोड लावला होतास ना?" मी विचारलं. ट्रेलर ओढताना लावायचं पिकअपमधलं बटण ते.

"लावला होता की. डेन्व्हर सोडल्यावर चढ सुरू झाला तेव्हाच लावला. बोगद्यात चढ संपला म्हणून बंद केला. उगाच इंजिन ओरडत राहतं."

वहिनी मुलांना घेऊन सावलीत गेल्या आणि आम्ही दोघं चाकं थंड व्हायची वाट बघत तासभर तिथेच बसलो. त्या तासात त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय. अमेरिकेत आपली बरीच मंडळी आता पिकअप घेतात. कुणी बोट ओढतं, कुणी कॅम्पर, कुणी घर बदलताना भाड्याचा ट्रेलर. आणि मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बहुतेकांची समजूत माझ्या मित्रासारखीच आहे: हे बटण ओढायला जोर देतं. ते जोर देत नाही. इंजिनात जेवढे घोडे आहेत तेवढेच राहतात. हे बटण गिअरबॉक्सचं वागणं बदलतं आणि त्याचं खरं मोल उतारावर कळतं.

आधी हे बघू की बटण नसताना गिअरबॉक्स काय करतो. ऑटोमॅटिक गाडीत कुठला गिअर कधी टाकायचा हे संगणक ठरवतो, आणि कारखान्यातून निघताना त्याला एकच गोष्ट शिकवलेली असते: पेट्रोल वाचव. म्हणून तो शक्य तितक्या लवकर वरचा गिअर टाकतो आणि इंजिन शक्य तितकं हळू फिरवतो. आताच्या बऱ्याच पिकअपमध्ये दहा गिअर असतात. फोर्ड आणि जनरल मोटर्स या एरवीच्या प्रतिस्पर्ध्यांनी दहा गिअरचा बॉक्स मिळून तयार केला, आणि २०१७ पासून तो फोर्डच्या एफ-१५० मध्ये आहे. रिकाम्या ट्रकला हे छान चालतं. सपाट रस्त्यावर दहावा गिअर पडतो आणि इंजिन गुणगुणत राहतं.

आता मागे अडीच टनांचं घर जोडा आणि साध्या टेकड्यांच्या रस्त्याला लागा. दहाव्यात इंजिनाला दम लागतो म्हणून आठवा पडतो. आठव्यात जरा वेग आला की संगणकाला पेट्रोल आठवतं, तो पुन्हा दहावा टाकतो. वेग पडतो, पुन्हा आठवा. गाडी सारखी गिअर शोधत बसते. आत बसलेल्याला त्याचा वैताग येतो, पण खरं नुकसान खाली गिअरबॉक्समध्ये होत असतं.

ते कसं, हे समजायला टॉर्क कन्व्हर्टर कळायला हवा. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा बंदच राहू द्या. पहिल्याच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागेल. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली जोडणी साधारण अशीच असते, फक्त हवेच्या जागी तेल. म्हणूनच सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी असूनही इंजिन बंद पडत नाही. पण दुसरा पंखा पहिल्याच्या थोडा मागे राहतो, आणि त्या फरकाची सगळी ताकद तेल घुसळण्यात जाते. घुसळलेलं तेल तापतं. ओझं जितकं जास्त तितकं ते जास्त तापतं. यावर उपाय म्हणून आत एक क्लच असतो. वेग आला की तो दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट बांधून टाकतो, मग घुसळण थांबते. गाडी सारखी गिअर बदलायला लागली की ही गाठ पुन्हा पुन्हा सुटते किंवा सैल होते. शिवाय गिअर बदलताना बॉक्समधले क्लच क्षणभर घसरतात, त्याची उष्णता वेगळी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मरतो तो बहुतेक वेळा तापलेल्या तेलामुळे. तेल जळकट होतं, क्लचच्या चकत्या करपतात, आणि एक दिवस गाडी गिअरच पकडत नाही.

टो मोड लावला की संगणकाचा क्रम बदलतो. पेट्रोल मागे पडतं आणि ओझं पुढे येतं. प्रत्येक गिअर जास्त वेळ धरून ठेवला जातो, वरचा गिअर उशिरा पडतो, खालचा लवकर. वरचे एक-दोन गिअर बऱ्याच गाड्या वापरतच नाहीत. ती गाठ लवकर बांधली जाते आणि बांधलेली राहते. म्हणूनच इंजिनाचा आवाज वाढलेला वाटतो. जुन्या ट्रकांमध्ये गिअरच्या दांड्यावर 'ओव्हरड्राइव्ह बंद' करायचं एक छोटं बटण असायचं, ते याच कामाचं पण ओबडधोबड साधन होतं. ते फक्त सगळ्यात वरचा गिअर काढून टाकायचं.

चढाचं हे एवढंच. आता उताराकडे येतो, कारण माझ्या मित्राची चाकं उतारावर तापली.

त्याच्या गाडीचा हिशेब आम्ही तिथेच बसून केला. ट्रकचं वजन, त्यात चार माणसं, मागच्या हौद्यात सायकली आणि लाकडं, असे सुमारे ६,००० पौंड. कॅम्पर भरलेला, पाण्याच्या टाकीसकट, ५,५०० पौंडांच्या आसपास. एकूण ११,५०० पौंड, म्हणजे ५,२०० किलो. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्नपर्यंत रस्ता सुमारे ७०० मीटर खाली येतो. एवढं वजन एवढं खाली आणलं की जी ऊर्जा मोकळी होते तिच्यावर शंभर लिटरहून जास्त थंड पाणी उकळता येईल. आपल्याकडचे पाच मोठे हंडे. यातला थोडा भाग वारा आणि टायर खातात. उरलेली उष्णता कुठेतरी जायलाच हवी. ती इंजिनातून बाहेर गेली नाही तर ब्रेकच्या चकत्यांत जाते. जाड थाळीएवढ्या लोखंडी चकत्यांत आठ मैल हंड्यांमागून हंडे उकळत होते.

आणि पेडल मऊ का झालं? ब्रेकच्या नळ्यांत जे तेल असतं त्यालाही उकळबिंदू असतो. डॉट ३ प्रतीचं नवं तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पण ते हवेतला ओलावा शोषतं, आणि ओलावा शिरलेल्या तेलाची हमी १४० अंशांपर्यंत खाली येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग आपण पेडल दाबतो तो जोर चाकापर्यंत न पोहोचता बुडबुडे चेपण्यात संपतो. मऊ पेडल याचा अर्थ इतका गंभीर आहे. त्याला सिल्व्हरथॉर्न वेळेवर लागलं. त्या उतारावर ब्रेक गेलेले ट्रक थांबवायला रस्त्याच्या कडेने वर चढणारे खडीचे दोन रॅम्प बांधलेले आहेत, आणि ते शोभेला नाहीत.

इंजिन गाडी कशी रोखतं, हे आपल्याकडे घाटात गाडी चालवलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते, वरंधा घाटातून भोर-महाड करायचे. मला गाडी शिकवताना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतरायचं. घाट खाली करताना गाडी गिअरने धरायची, ब्रेक नुसता आठवण द्यायला." खालच्या गिअरात चाकं इंजिनाला फिरवायला लागतात. ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल इंजिनाची हवेची झडप बंद असते, त्यामुळे पिस्टनला प्रत्येक वेळी हवा मोठ्या कष्टाने ओढावी लागते. तो विरोध म्हणजेच इंजिनाचा ब्रेक. त्यातली उष्णता इंजिन आपल्या वाटेने बाहेर टाकतं, चाकांना त्याची झळ लागत नाही. वरच्या गिअरात इंजिन हळू फिरतं, म्हणून रोखतंही कमी.

मामांनी आयुष्यभर हाताने आणि कानाने जे केलं ते टो मोडमध्ये संगणक करतो. उतारावर वेग वाढायला लागला आणि तुम्ही ब्रेकला पाय लावला की त्याला कळतं, या माणसाला वेग नकोय. तो एक गिअर खाली टाकतो. तरी पाय तसाच असेल तर आणखी एक. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर जातं, कधी ४,००० वर. इंजिन मोठ्याने ओरडतं. माझ्या मित्राला नको होता तो आवाज हाच. पेट्रोल इंजिनाची लाल रेघ, म्हणजे ज्यापुढे ते फिरवू नये ती मर्यादा, साधारण साडेपाच-सहा हजारांच्या पुढे असते, त्यामुळे ४,००० ला त्याचं काहीही बिघडत नाही. तो आवाज म्हणजे तुमचे ब्रेक थंड राहिल्याचा आवाज. बटण बंद असेल तर संगणक पुन्हा पेट्रोलच्या हिशेबाला लागतो. पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला की त्याला वाटतं आता निवांत जायचंय, तो वरचाच गिअर ठेवतो, आणि पाच टनांचा भार एकट्या ब्रेकवर येतो. बोगद्यातून बाहेर पडताना त्याने नेमकं हेच करून घेतलं.

इथे पुण्याची आठवण होते. नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार आपण सगळे ओळखतो. तिथे झालेल्या अपघातांत जड गाड्या न्यूट्रलवर सोडल्याचं पुन्हा पुन्हा समोर आलं आहे. डिझेल वाचवायला म्हणून हे करतात. वाईट याचं वाटतं की आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत ते वाचतच नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला इंधन जाणंच थांबतं, कारण चाकंच त्याला फिरवत असतात. न्यूट्रलवर मात्र इंजिन जिवंत ठेवायला इंधन द्यावं लागतं. म्हणजे इंजिनाचा ब्रेकही जातो आणि डिझेलही जातं. हे त्या रस्त्यावरच्या प्रत्येक चालकापर्यंत पोहोचायला हवं असं मला फार वाटतं.

डिझेल पिकअपची गोष्ट जरा वेगळी. साध्या डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी हवेची झडप नसते, म्हणून नुसतं गिअर खाली टाकून ते फारसं रोखत नाही. त्यासाठी मोठ्या डिझेल ट्रकांत एक्झॉस्ट ब्रेक असतो. धूर बाहेर टाकायच्या वाटेवर टर्बोची (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याची) पाती मिटून घेतली जातात, इंजिनाला आपलाच धूर दाबाविरुद्ध ढकलावा लागतो, आणि गाडी रोखली जाते. त्याचं बटण बहुधा वेगळं असतं. डिझेलवाल्यांनी उताराआधी टो मोड आणि एक्झॉस्ट ब्रेक ही दोन्ही बटणं बघावीत.

मग हे बटण नेमकं कधी लावायचं? जनरल मोटर्स आपल्या ट्रकांच्या पुस्तिकेत एक चांगली खूण देतं. ट्रक आणि ट्रेलर मिळून जेवढं जास्तीत जास्त वजन त्या गाडीला परवानगी आहे, त्याच्या ७५ टक्क्यांच्या वर तुमचं एकूण वजन असेल तर हा मोड सगळ्यात उपयोगी. मित्राच्या ट्रकला एकूण १५,००० पौंडांची परवानगी होती. त्याचे ७५ टक्के म्हणजे ११,२५०. तो ११,५०० वर होता, म्हणजे नेमका या रेषेच्या पलीकडे. ही मर्यादा ट्रकच्या पुस्तिकेत किंवा ओढायच्या तक्त्यात सापडते. आपलं खरं वजन जाणून घ्यायचं असेल तर महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात, थोडे डॉलर देऊन ट्रकसकट ट्रेलर तोलून मिळतो. कॅम्परच्या माहितीपत्रकातलं रिकामं वजन खरं मानू नका. पाणी, गॅसच्या टाक्या, भांडी, खुर्च्या, डाळ-तांदूळ भरले की हजार पौंड कधी चढतात कळत नाही.

त्या पुस्तिकेत आणखी दोन जागा सांगितल्या आहेत: टेकड्यांचा रस्ता, आणि रखडत चालणारी गर्दी. दुसरी फारशी कुणाला सुचत नाही. पण टॉर्क कन्व्हर्टर आठवा. ओझं घेऊन थांबत-थांबत जाणं म्हणजे तेल घुसळत राहणं आणि पहिला-दुसरा-तिसरा-दुसरा करत राहणं. लॉस एंजेलिसच्या संध्याकाळच्या गर्दीत ट्रेलर घेऊन अडकलात तर रस्ता सपाट असला तरी बटण दाबा. ट्रेलर उभा करताना, पार्किंगमध्ये पुढे-मागे करतानाही त्याचा उपयोग होतो, कारण गाडी मधेच गिअर बदलून दचकत नाही.

मी स्वतः या यादीत वाऱ्याचीही भर घालतो. कॅन्सस किंवा वायोमिंगचा रस्ता नकाशावर सपाट दिसतो, पण समोरून जोराचा वारा असला की कॅम्परची सपाट भिंत वाऱ्याला आडवी उभी राहते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी ४० मैलांचा समोरचा वारा असताना ६० ने जाणं म्हणजे हवेच्या बाबतीत १०० ने जाणं. इंजिनाला तो अखंड चढच असतो. गाडी गिअर शोधायला लागली की कारण काहीही असो, बटण दाबायची वेळ झाली असं समजा. आणि वेगही कमी करा. बऱ्याच ट्रेलर टायरांना ताशी ६५ मैलांचीच मर्यादा असते, आणि कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कायद्यानेच ५५ ची मर्यादा आहे.

या मोडचं पूर्ण नाव पुष्कळ गाड्यांत टो/हॉल असं असतं. त्यातला दुसरा शब्द पाठीवरच्या ओझ्याचा. मागे ट्रेलर नसेल पण हौद्यात अर्धा-पाऊण टन फरश्या किंवा खडी असेल, तरी डोंगरात तो तितकाच कामाचा.

कधी लावू नये हेही सांगतो. घराजवळच्या सपाट रस्त्यावर छोट्या ट्रेलरमधून गवत कापायचं यंत्र नेताना त्याची गरज नाही. लावला तर काही मोडणार नाही, पण गाडी अडखळल्यासारखी चालेल आणि पेट्रोल जास्त जाईल. रिकाम्या ट्रकला तसंच. खरी काळजी घ्यायची ती बर्फात. निसरड्या रस्त्यावर संगणकाने अचानक गिअर खाली टाकला तर मागची चाकं झटक्यात धरली जातात, आणि फक्त मागच्याच चाकांवर असा जोर आला की ट्रक आडवा व्हायला लागतो, ट्रेलर मागून त्याला ढकलतो. एक्झॉस्ट ब्रेकचंही तेच. बर्फ असेल तर दोन्ही बंद, वेग अगदी कमी, आणि जमत असेल तर ट्रेलर त्या दिवशी काढूच नये.

या मोडने गाडीची ताकद वाढत नाही हे वर म्हटलंच, पण त्याची दुसरी बाजू जाहिरातींतल्या आकड्यांत आहे. 'ओढण्याची क्षमता १३,००० पौंड' असे आकडे एका प्रमाणित परीक्षेतून येतात. तिचं नाव जे२८०७. ॲरिझोनात डेव्हिस धरणाजवळ ११.४ मैलांचा चढ आहे, वाळवंटातला. किमान १०० अंश फॅरनहाइटच्या उन्हात, एसी पूर्ण सोडून, ट्रेलरसकट तो चढायचा, आणि मागे दोनच चाकं असलेल्या साध्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. टोयोटाने २०११ च्या टंड्रासाठी हे प्रमाण सगळ्यात आधी स्वीकारलं, बाकीचे नंतर आले. परीक्षा कठीणच आहे. पण तो आकडा मोकळ्या ट्रकचा, चालक आणि एका प्रवाशाचा. तुमचं कुटुंब, सायकली आणि हौद्यातली लाकडं त्यातून वजा होतात. शिवाय तो चढ रॉकीइतका उंच नाही. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के कमी होते. आयझेनहॉवर बोगद्यापाशी पोहोचेपर्यंत तीनशे घोड्यांचे दोनशेच उरलेले असतात. टर्बोवाल्या इंजिनांना हा फटका बराच कमी बसतो.

ट्रेलर कसा भरलाय यावरही हा मोड काही करू शकत नाही. इथे आपली बैलगाडी आठवा. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. पुढे जास्त झाला की धुरजड होते, बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचं अगदी तसंच आहे. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार ट्रकच्या हुकावर यायला हवा. ५,५०० पौंडांच्या कॅम्परला ५५० ते ८२५ पौंड. त्याहून कमी, म्हणजे उलाळ, झाला तर महामार्गावर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, आणि एकदा ती लय धरली की सावरणं फार अवघड. धुरजड झाला तर ट्रकचं नाक उचलतं, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. मित्राने पाण्याची टाकी भरून घेतली होती, ती ट्रेलरच्या कुठल्या टोकाला आहे हे त्याला माहीत नव्हतं. आम्ही वाकून बघितलं. नशिबाने मधोमध निघाली.

अशा ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात, बहुधा विजेवर चालणारे, आणि ते किती जोराने लागावेत हे ठरवणारा कंट्रोलर ट्रकमध्ये स्टिअरिंगजवळ असतो. कोलोरॅडोत ३,००० पौंडांच्या ट्रेलरपासून ब्रेक सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात १,५०० पासून. मित्राच्या कंट्रोलरचा आकडा इतका कमी होता की ट्रेलर जवळजवळ नुसता ढकलतच आला होता. रिकाम्या जागेत ताशी २०-२५ मैलांच्या वेगाने जाऊन फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावून बघायचा. चाकं अडकून घसटणार नाहीत पण ओढ स्पष्ट जाणवेल, एवढा आकडा ठेवायचा. तो पंधरा मिनिटांचा उद्योग आम्ही चाकं थंड झाल्यावर तिथेच केला.

जाता जाता विजेच्या पिकअपबद्दल. त्यात गिअर बदलायचा प्रश्नच नसतो आणि उतारावर मोटारच गाडी रोखून बॅटरी भरते. तिथे टो मोड प्रामुख्याने गाडीचा ताबा आणि उरलेल्या पल्ल्याचा अंदाज सांभाळतो. हा अंदाज महत्त्वाचा, कारण मोठा कॅम्पर जोडला की पल्ला निम्म्याच्या आसपास येतो. एक सावधगिरी: चार्जिंग पूर्ण भरलेलं असताना मोठा उतार लागला तर ती वीज ठेवायला जागा नसते आणि मोटारीचा ब्रेक कमी लागतो. डोंगराच्या माथ्यावर राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

चौथ्या दिवशी परत निघालो. मी माझी गाडी घरच्यांकडे दिली आणि मित्राच्या शेजारी बसलो. सिल्व्हरथॉर्न सोडायच्या आधी त्याने बटण दाबलं आणि डॅशबोर्डवर ट्रेलरचं छोटं चित्र उमटल्याची खात्री केली. काही गाड्या इंजिन बंद केलं की हा मोड विसरतात, म्हणून पेट्रोल भरून निघताना प्रत्येक वेळी ते चित्र बघावं लागतं. चढ चढून बोगद्यात शिरलो. बोगदा पावणेदोन मैलांचा. त्याचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि थांबला.

बोगद्यातच त्याने वेग ५० वर आणला. उतार सुरू व्हायच्या आधी वेग कमी करणं हे अर्धं काम, कारण एकदा गाडीने वेग घेतला की खालचा गिअर टाकायलाही संगणक तयार होत नाही. बाहेर पडल्यावर गाडी ५५ वर गेली. मी म्हटलं, "आता पाय ठेव. घाबरत-घाबरत नको, नीट दाब. ५० वर आली की पूर्ण सोड." त्याने दाबलं. इंजिन एकदम वर चढलं, काटा ३,५०० वर गेला. त्याने पाय सोडला. गाडी ५० लाच राहिली, जणू कुणी मागून दोरी धरलीय. मैलभराने उतार तीव्र झाला, काटा हळूहळू ५५ कडे सरकला. त्याने तेच पुन्हा केलं. तरी भागलं नसतं तर दांड्याने स्वतः एक गिअर खाली टाकायची सोय होतीच, ती मी त्याला आधी दाखवून ठेवली होती. मागून येणारे दोघं-तिघं आम्हाला ओलांडून गेले. त्यांना जाऊ दिलं.

मुलांनी कानावर हात ठेवले होते. धाकटीने विचारलं, "बाबा, गाडी एवढी का ओरडतेय?"

"आपल्याला धरून ठेवतेय," तो म्हणाला.

बोगद्याच्या डेन्व्हरकडच्या बाजूला खाली असलेल्या जॉर्जटाउनला उतरून थांबलो. तो आधी पुढच्या चाकापाशी गेला, जाळीजवळ तळवा धरून उभा राहिला. मग मागच्या, मग ट्रेलरच्या चारही चाकांपाशी. सगळी कोमट होती. वासही नव्हता. वहिनींनी डब्यातली थालीपीठं काढली.